परीक्षेच्या दिवसाचा खाडा आणि अनुभवाचा कागद

मा. संपादक,
स.न.

मागे तुमच्या पेपरात पत्र आलं होतं की सोलापुरातल्या पोरापोरींकडं स्किल नाही, शिकायची तयारी नाही, म्हणून ती टेम्पररी कामात अडकून पडतात. ते वाचून दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मी विडी घरकुलात राहते. अम्मा विड्या वळते, आणि मी नऊ वर्षं गारमेंटच्या कारखान्यात ओव्हरलॉकवर, म्हणजे कापडाची कड शिवायच्या मशीनवर आहे, शाळेचे युनिफॉर्म शिवतो आम्ही. नऊ वर्षं एकाच गेटमधून आत जाते, मशीनपण बहुतेक तेच असतं, आणि आजही मी टेम्पररीच आहे.

आधी हे काम कसं चालतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं टेम्पररी म्हणजे चार-सहा महिन्याचं काम. युनिफॉर्मचा सीझन दिवाळीनंतर हळूहळू सुरू होतो, फेब्रुवारीपासून मे पर्यंत तर मान वर करायला वेळ नसतो, सकाळी नऊला बसलं की रात्री आठ-साडेआठ होतात, पैसे पीसवर, म्हणजे जेवढे नग तेवढे. जूनमध्ये शाळा उघडल्या की माल जातो आणि आम्हाला सांगतात आता काम नाही, फोन करू. मग चार महिने कुणी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला जातं, कुणी हेमिंगला, कुणी घरी बसून विड्या वळतं. दिवाळी झाली की परत तेच गेट, पण कधीकधी कॉन्ट्रॅक्टरचं नाव बदललेलं असतं. माझ्या नऊ वर्षात तीन कॉन्ट्रॅक्टर झाले. सुपरवायझर एकच, मशीन एकच.

आता शिक्षणाचं. बारावीत माझे दोन विषय गेले होते, तेव्हाच मिळेल त्या कामाला लागले. पुढं चोवीसाव्या वर्षी ठरवलं की बारावी करायचीच, सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरला, परत सगळ्या विषयांना बसायची तयारी केली. रात्री जेवणं उरकली की अम्मा विड्या वळायचं सूप घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन, कारण खोली एकच आहे आणि लाईट पण एकच. अभ्यासाचं काही वाटलं नाही, पण बारावीचे पेपर असतात फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बरोबर आमच्या सीझनच्या मध्यात! सहा पेपर म्हणजे सहा खाडे, पीसवरच्या माणसाला रजा नसते, आलं नाही तर पैसे नाहीत, एवढंच. मी आधीच जाऊन सुपरवायझर साहेबांना तारखा लिहून दिल्या होत्या, ते म्हणाले बघ बाई, तू जा, पण तुझं मशीन मोकळं ठेवता येणार नाही. इंग्रजीचा पेपर देऊन दुसऱ्या दिवशी गेले तर माझ्या जागेवर दुसरी पोरगी बसलेली. तिचा काय दोष, तिलाही काम पाहिजेच होतं. उरलेला सीझन मी धागे कापायला बसले, निम्म्या पैशात.

पास झाले मी, ५८ टक्के. पण माझ्यासोबत फॉर्म भरलेल्या तिघीजणी होत्या, त्यातल्या दोघी दुसऱ्या पेपरनंतर गेल्याच नाहीत. एकीच्या घरी नवरा आजारी, तिला त्या आठवड्याचे पैसे सोडणं शक्यच नव्हतं. बोर्डाच्या कागदावर ती गैरहजर म्हणून नापास. तिला शिकायची तयारी नव्हती असं मला कुणी सांगू नये, तिच्या गणिताच्या वह्या मी बघितल्यात.

बारावीनंतर मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू केलं, अभ्यासकेंद्राचे तास रविवारी असायचे म्हणून जमलं तरी, पण सीझनमध्ये रविवारीपण कारखाना चालू असतो त्यामुळं ते सुद्धा अर्धवटच, अजून एक वर्ष राहिलंय. आणि कागदाला किंमत किती आहे हे तर सरकारच सांगतं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, त्यात बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८ हजार, ग्रॅज्युएटला १० हजार. वयाची अट ३५. आमच्या शेजारचा मुलगा त्यात होता, ते कामही मुदत संपली की संपलं, पण निदान त्याच्या हातात सर्टिफिकेट आहे. मी आता ३३ ची आहे.

खरा धक्का मला गेल्या वर्षी बसला. आयटीआयची ट्रेड परीक्षा खाजगीरित्यापण देता येते असं कळलं, म्हणजे वर्षभर रोज वर्गात न बसता, ज्यांनी ते काम हातानं केलंय त्यांच्यासाठी. मला तर आनंदच झाला, नऊ वर्षं शिवण करतेय, ओव्हरलॉक, फ्लॅटलॉक, काजं-बटण सगळं येतं, मशीनचं टायमिंग बिघडलं तर मेकॅनिक यायच्या आधी मीच बसवते. पण त्याला अनुभवाचा दाखला लागतो, काम देणाऱ्याच्या सहीशिक्क्याचा. आताच्या कॉन्ट्रॅक्टरकडं गेले तर म्हणाले तू माझ्याकडं एकच सीझन आहेस, मागचं मी कसं लिहून देऊ? मागचा फोन उचलत नाही. पहिला कुठं गेला कुणाला माहीत नाही. कारखान्याच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले तुम्ही आमच्या मस्टरवर नव्हताच कधी. मग पीएफचं पासबुक काढून बघितलं, नऊ वर्षांपैकी फक्त १४ महिन्यांचे पैसे भरलेत. बाकीची जवळजवळ आठ वर्षं मी काय करत होते त्याचा कागदच नाही! त्या दिवशी घरी येऊन मी रडले, खोटं कशाला बोलू.

नंतर कामगारांचं काम बघणाऱ्या एका वकील ताईंनी समजावून सांगितलं तेव्हा कळलं की हा दाखला म्हणजे कुणाचे उपकार नाहीत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नियमांतच होतं की काम सुटताना कॉन्ट्रॅक्टरनं सर्व्हिस सर्टिफिकेट द्यायचं, आणि २०२० च्या नव्या कामगार संहितेतपण लिहिलंय की कंत्राटी कामगारानं मागितलं तर कॉन्ट्रॅक्टरनं अनुभवाचा दाखला द्यायचा. आमच्या लाईनवर चाळीस बायका आहेत, मी एकेकीला विचारलं, एकीलाही हे माहीत नव्हतं आणि एकीलाही असा कागद कधी मिळालेला नाही.

म्हणून पेपरातून सांगायचं एवढंच आहे. आमच्या गारमेंट आणि टॉवेलच्या मालकांनो, सीझन संपताना प्रत्येक बाईला एक साधा कागद द्या, काय काम केलं, किती महिने केलं, खाली सही-शिक्का. कॉन्ट्रॅक्टर बदलला तरी गेट तुमचंच आहे, त्यामुळं तो देत नसेल तर तुम्ही द्यायला लावा, त्याला एक रुपयासुद्धा खर्च नाही. आणि दहावी-बारावीच्या हॉलतिकिटाची झेरॉक्स जिनं दिली तिचं मशीन त्या दिवसापुरतं तिच्याच नावावर ठेवा. त्या दिवसाचे पैसे देऊ नका वाटलं तर, मशीन फक्त ठेवा. विजापूर रोडच्या सरकारी आयटीआयला पण विनंती आहे की शिवणाची एखादी बॅच जुलै ते ऑक्टोबर घ्या, आमच्यातल्या निम्म्याजणी तेव्हा मोकळ्याच असतात, नाहीतर संध्याकाळी सातनंतर तरी. पुढं टेलर, सुपरवायझर, शाळेत शिवणाची बाई, काही तरी होता येईल.

यंदा आमच्या लाईनवरच्या चौघींनी सतरा नंबर भरलाय. सगळ्यात मोठी ४१ वर्षांची आहे, तिची मुलगीपण यंदाच बारावीला आहे, दोघी मिळून एकाच पुस्तकातून अभ्यास करतात. फेब्रुवारीत त्यांचे पेपर सुरू होतील. सुपरवायझर साहेबांना तारखांचा कागद मी याही वेळी आधीच नेऊन देणार आहे, त्याच्या आत हे पत्र छापलं तर बरं होईल.

आपली,
एक शिलाई कामगार
विडी घरकुल, सोलापूर