बाबांचा गुडघा आणि १७८ पायऱ्या

कोल्हापूर,
रविवार सकाळ

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न.

तुम्ही दोघं अमेरिकेत ताईकडं आहात आणि फोनवर आपण चौघं एकदम बोलतो, कुणाचंच कुणाला पोचत नाही. म्हणून हातानं लिहून पानांचे फोटो बाबांच्या मोबाईलवर पाठवतोय. ताईच्या नाही. का ते पुढं कळेल.

आधी इकडचं. पाऊस ओसरला. राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांच्या कितीतरी खाली आहे, तेव्हा बाबा, सकाळी फोन उचलल्या उचलल्या “पाणी किती?” हे विचारायचं आता थांबवा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तुम्हाला. आई, तुळस जगलीय. मोगरा गेला, तो माझ्यामुळं.

आता मुद्दा. ताईनं ती न्यू रिव्हर गॉर्जची, म्हणजे वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर नदीच्या दरीची, सहल ठरवलीय आणि बाबा म्हणाले, “दरीच बघायची तर गगनबावडा काय वाईट आहे?” मीही गेल्या वर्षी आलो तेव्हा हेच म्हणालो होतो. भाऊजींनी गाडीत कोंबून नेलं म्हणून गेलो. त्यामुळं आता मला बोलायचा थोडा अधिकार आहे.

बाबा, तुम्हाला तिथली दरी नाही, पूल बघायचाय. १९७७ साली बांधलेला. नदीपासून ८७६ फूट उंच, म्हणजे साडेतीनहून जास्त कुतुबमिनार एकावर एक. लांबी ३०३० फूट. आणि खालची पोलादी कमान एका झेपेत १७०० फूट. चिनाब नदीवरच्या आपल्या रेल्वे पुलाच्या बातम्या तुम्ही कापून ठेवल्यात ना, तो उंचीत याला मागं टाकतो, ३५९ मीटर. पण त्याची कमान ४६७ मीटरची आणि ही ५१८ ची. जवळजवळ पंचवीस वर्षं जगातली सगळ्यात लांब कमान हीच होती. त्याआधी त्या दरीतून एका काठावरनं दुसऱ्या काठावर जायला पाऊण तास लागायचा, वळणं घेत खाली उतरायचं, नदी ओलांडायची, पुन्हा चढायचं. आता एक मिनिटसुद्धा लागत नाही.

आणखी एक. त्या पुलाला रंग नाही. पोलादच असं वापरलंय की त्यावर गंजाचा एक थर धरतो आणि तोच आतल्या पोलादाला राखतो. लांबनं तपकिरी दिसतो. मला तिथं उभं असताना आपलं फाटक आठवलं, दर दिवाळीला तुम्ही ज्याला ऑइलपेंट फासता आणि दर पावसाळ्यात जे पुन्हा गंजतं.

नदीचं नाव ‘नवी’, पण तिला जगातल्या फार जुन्या नद्यांमध्ये धरतात. उगम ताईच्याच राज्यात, नॉर्थ कॅरोलिनात. तिथनं ती उत्तरेला वाहते. पुढं गॉली नावाची नदी येऊन मिळाली की दोघींचं नाव बदलतं, कनावा होतं, आणि ते पाणी ओहायो, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात जातं. आपल्या कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीचं प्रयाग चिखलीला जसं पंचगंगा नाव होतं, तसंच. तुम्ही मला चौथीत असताना तो संगम दाखवायला सायकलवरनं नेलं होतंत. मला नदीपेक्षा मधे खाल्लेली भजीच आठवतात, पण नेलं होतंत.

आई, तुझ्यासाठी वेगळं. तुला घाटात गाडी लागते. ताईच्या शार्लटहून हमरस्ता सरळ आणि रुंद आहे, दोन बोगदे आहेत. दुसऱ्यात शिरताना आपण व्हर्जिनियात असतो, बाहेर पडतो ते वेस्ट व्हर्जिनियात. तिथवर तुला काही होणार नाही. पण पुलाखालनं जाणारा जुना रस्ता, फेएट स्टेशन रोड, तो आपल्या भुईबावड्याचा मोठा भाऊ आहे. अरुंद, आणि वळणावर वळण. बाबांना तो बघितल्याशिवाय चैन पडणार नाही, कारण पूल खालनं तिथंच कळतो. तेव्हा तू आणि मुक्ता वर माहिती केंद्रात बसा, बाबा आणि भाऊजी जाऊन येऊ देत. आलेपाकाची वडी गाडीत ठेव तरीपण.

तुला आवडेल तो सँडस्टोन फॉल्स. हिंटन गावाकडनं जावं लागतं. धबधबा म्हणजे राऊतवाडीसारखा उंच कोसळणारा नव्हे. पंधराशे फूट रुंद, पण उंची कुठं दहा फूट, कुठं फार तर पंचवीस. नदी आडवी पसरून पायरी उतरते. फळ्यांच्या वाटेवरनं अगदी जवळ जाता येतं, चढ नाही, पायरी नाही. तिथं निवांत बसा. ग्रँडव्ह्यू म्हणून जागा आहे तीही अशीच, गाडी लावली की दोन मिनिटांत कठडा, आणि खाली चौदाशे फुटांवर नदीनं घोड्याच्या नालासारखं वळण घेतलेलं. फक्त सकाळी लवकर जाऊ नका. ऑक्टोबरात पहाटे दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली असते, आंबोलीसारखी, आणि काही म्हणजे काही दिसत नाही. आम्ही सात वाजता जाऊन पांढरा पडदा बघून आलो. दहानंतर जा.

थर्मंड नावाचं कोळशाच्या जमान्यातलं गाव आहे, एकेकाळी पैसा वाहायचा म्हणतात, आता कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत. रूळ मात्र जिवंत आहेत, मालगाड्या दारासमोरनं जातात. वेळ उरला तर बघा, नाही तर राहू दे.

तारखेचं भाऊजींशी बोललोय. त्यांना ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी जायचं होतं, कारण त्या दिवशी पूल गाड्यांना बंद करून लोकांना चालायला सोडतात आणि माणसं पॅराशूट बांधून वरनं नदीत उड्या घेतात. ऐकायला भारी आहे. पण गर्दी त्र्यंबोलीच्या यात्रेची, गाडी लांब लावून चालायचं, आणि तो दिवस नवरात्रात येतो, आईचा उपास. मी नको म्हटलं. दसरा झाल्यावर गुरुवारी निघा, शनिवारी परत या. दोन मुक्काम. त्यांना एका दिवसात जाऊन यायची हौस आहे, जाताना साडेतीन-चार तास आणि येताना तेवढेच. त्याला मुळीच हो म्हणू नका. खोली तळमजल्याची मागा. दरीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरायला तिकीट नाही, पण आत खायला काही मिळत नाही, दशम्या आणि कांदा-लसूण चटणी घ्या. दरीत फोनला रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून घ्यायला सांगा.

आता ज्यासाठी हे पत्र तुमच्या मोबाईलवर आलंय ते.

ताईच्या यादीत माहिती केंद्रामागची लाकडी पायऱ्यांची वाट आहे. १७८ पायऱ्या खाली, टोकाला सज्जा, समोर पूल. लाँग पॉइंटही आहे, जाऊन येऊन पाच किलोमीटर जंगलातनं. तुम्ही दोन्हीला “चालतंय की” म्हणालात. बाबा, मागच्या बुधवारी आई मला मुक्ताचं चित्र दाखवत होती आणि मोबाईल हातात तसाच फिरला. तुम्ही ताईच्या घरातला जिना उतरत होता. तिरके, दोन्ही हातांनी कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय आणून मगच पुढची. आईनं मोबाईल पटकन वळवला. म्हणजे तिलाही माहीत आहे.

मी त्या १७८ पायऱ्या उतरलोय. उतरताना मजा वाटते. चढताना मी मधे तीनदा थांबलो आणि माझं वय तुमच्या निम्मं आहे. तिथं जाऊन अर्ध्यात अडकलात तर तुम्ही हाक मारणार नाही, हे मला माहीत आहे. २०१९ च्या पुरात पाणी अंगणात आलं तरी शेजाऱ्यांच्या आधी नावेत बसायला तयार नव्हतात तुम्ही. कण्हणार नाही, फक्त “जरा नदी बघतो” म्हणून बसाल, आणि ताईला वाटेल बाबा रमले.

ताई वर्षभर याची वाट बघतीय. तिला तुम्ही हसत दिसला नाहीत तर ती स्वतःलाच दोष देईल. आणि गंमत म्हणजे पायऱ्या उतरायची गरजच नाही. माहिती केंद्राशेजारीच वरचा सज्जा आहे, चाकाच्या खुर्चीवरनंही जाता येतं, पूल तिथनंही दिसतो. खालचा कोन थोडा बरा, इतकंच. लाँग पॉइंटला भाऊजी आणि मुक्ता जाऊ देत, तुम्ही दुर्बीण घेऊन वर बसा आणि कमान मोजा.

ताईला तुम्ही स्वतः सांगा. आईकडनं नको, जेवताना उगाच मोघमही नको. येत्या शुक्रवारपर्यंत वाट बघतो. नाही सांगितलंत तर शनिवारी मी सांगेन, मग “न विचारता बोलला” म्हणायचं नाही.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, कैरीच्या लोणच्याची मोठी बरणी सापडेना. कुठल्या फडताळात आहे ते लिही, बाबांना विचारू नको.