घरट्याचा पत्ता छापू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांनी काढलेले पशुपक्ष्यांचे फोटो येतात. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टर्नर आहे. ते फोटो कापून वहीत चिकटवायची मला सवय आहे. गेल्या महिन्यात त्यात स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचे घरटे आले होते. आत तीन पिल्ले, चोची वासलेल्या, आणि खाली गावाचे नाव, शिवाय 'देवळामागची राई' असा खुलासा. फोटो सुंदरच होता. पण त्या घरट्याचा पत्ता सगळ्या जिल्ह्याला मिळाला, आणि वही मिटून मी बराच वेळ अस्वस्थ बसून राहिलो.

आम्ही दहा-बारा जण गेली काही वर्षे फोटोसाठी एकत्र फिरतो. कोणी फौंड्रीत, कोणी बँकेत, दोघी कॉलेजच्या मुली, एक निवृत्त गुरुजी. निम्मे घरी मराठी बोलतात, निम्मे कन्नड. रविवारी पहाटे राकसकोपच्या बाजूला, हिवाळ्यात कांड्या करकोच्यांसाठी एखादी फेरी धुपदाळला, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे. परतताना चहाला थांबलो की प्रत्येकाने आपला एकेक फोटो पुढे करायचा आणि बाकीच्यांनी मोकळेपणाने बोलायचे. "फोकस पाठीवर हाय बघ, डोळा कुठं हाय?" हे वाक्य मी शंभरदा ऐकले असेल, आणि त्यातूनच शिकलो. पक्ष्याचा डोळा स्वच्छ आला नाही तर बाकी सगळे फुकट. उभे राहून काढलेला टिटवीचा फोटो आणि बांधावर पालथे पडून, तिच्या नजरेच्या पातळीवरून काढलेला फोटो यांत किती फरक पडतो, हे गुरुजींनी स्वतः चिखलात आडवे होऊन दाखवले.

सामानाचेही तसेच. नव्या मुलांना वाटते की मोठी लेन्स घेतल्याशिवाय काही होत नाही. आमच्यातले बहुतेक जण जुन्या बाजारातल्या ७०-३०० मि.मी.च्या लेन्सवर काम भागवतात. हात हलून फोटो पुसट येऊ नये म्हणून ३०० मि.मी.ला शटर निदान १/३०० सेकंदाहून वेगवान ठेवा, आणि राईतल्या अंधारात तेवढे जमत नसेल तर टेका घ्या. टेक्याला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तांदूळ भरले की झाले. एकाच्या लेन्सला ट्रायपॉडवर बसवणाऱ्या पट्ट्याचा खालचा पाय मोडला, तो मी सुट्टीच्या दिवशी अॅल्युमिनियमचा घडवून दिला. खानापूरच्या पावसात लेन्सला बुरशी लागते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून कॅमेरा ठेवायचा, आणि निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. एवढी साधी गोष्ट वेळेवर कोणी सांगितली नाही म्हणून माझी पहिली लेन्स गेली.

या गप्पांत एक प्रश्न मात्र आम्ही कधीच विचारत नव्हतो: हा फोटो काढलास कसा?

तीन वर्षांपूर्वी, जूनमध्ये, खानापूर तालुक्यातल्या एका राईत मला स्वर्गीय नर्तकाचे घरटे सापडले. बारीक फांदीच्या टोकाला गवताची वाटी, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली. लांब पांढऱ्या शेपटीचा नरही अंड्यांवर बसत होता, शेपटी वाटीबाहेर लोंबत होती. मी फोटो काढला आणि आनंदाच्या भरात गटातच नव्हे, ओळखीच्या चार-पाच जणांनाही जागा सांगितली. त्यांनी पुढे सांगितली. आठ दिवसांनी गेलो तर झाडाखाली बुटांनी चिखल तुडवलेला, घरट्याभोवतीची पाने कुणीतरी कात्रीने साफ केलेली. फोटोत आड येत होती म्हणून. पानांची ती सावली आणि तो आडोसा, हेच त्या घरट्याचे संरक्षण होते. वाटी रिकामी होती. अंडी उबवायला पंधरा दिवस, पिल्ले उडायला आणखी दहा-बारा, एवढाच काळ त्या जोडीला शांतता हवी होती. पाने मी कापली नाहीत, पण वाट मीच दाखवली होती.

त्याच राईशेजारच्या शेतकऱ्याने टिटवीची अंडी दिसली म्हणून औत फिरवताना तेवढा तुकडा सोडून दिला होता. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस चांगला, असे आपल्याकडे मानतात. तेवढ्यासाठी का होईना, त्याने तिला जागा ठेवली.

अनेकांना ठाऊक नाही, पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे येते. अभयारण्यात फोटो काढायला परवानगी लागते ती वेगळीच. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, पण राई, माळ, तळ्याचा काठ इथे पहारा कोण देणार? मोबाईलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवून नवरंग पक्ष्याला झुडपाबाहेर काढणारे मी पाहिले आहेत. विणीच्या दिवसांत तो पक्षी घरटे सोडून, नसलेल्या शत्रूशी भांडायला येतो. असा फोटो कितीही झकास आला तरी आमच्या चहाच्या टेबलावर आता त्याचे कौतुक होत नाही. कसा काढला, किती अंतरावरून, आवाज वाजवला का, हे आधी विचारतो. मुले सुरुवातीला नाराज झाली, मग स्वतःहून सांगू लागली.

आपल्याकडे विनंती एवढीच की घरटे, अंडी, घरट्यातली पिल्ले यांचे फोटो पुरवणीत घेऊ नयेत. इतर फोटोंखाली गाव न देता फक्त तालुका द्यावा, आणि जागा असेल तर फोटो किती अंतरावरून काढला ही एक ओळ. छायाचित्रकारांनीही मोबाईलच्या कॅमेऱ्यातली जागेची नोंद बंद ठेवावी. व्हॉट्सअॅपवर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली की ती नोंद फोटोबरोबर पुढे जाते. आपल्या पुरवणीत फोटो यावा म्हणून मुले धडपडतात, त्यामुळे आपण घातलेली अट ती नक्की पाळतील.

सोबत शेकरूचा एक फोटो पाठवत आहे. रस्त्यावरूनच, ३००च्या लेन्सने काढला आहे. छापण्याजोगा वाटला तर खाली 'खानापूर तालुका' एवढेच लिहावे.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव