पांढरीतला हत्ती

ढोकी, जि. धाराशिव
रविवार, रात्री

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू नुसता ‘हं, हं’ करतोस आणि मागे टीव्ही चालू असतो, म्हणून कागद घेतला. अक्षर लावून लावून वाचावं लागेल, त्याला इलाज नाही.

धाकटीला हैदराबादला नोकरी लागली. तिला खोली बघून द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद असं करत बसनं गेलो, कंबर गेली कामातून. खोलीचं काम पहिल्याच दिवशी झालं. मग ही म्हणाली, आता आलोच आहोत तर सालारजंग म्युझियम बघू. मुसीच्या काठावर जाऊन उभे राहिलो तर दार बंद. शुक्रवारी सुट्टी असते. रिक्षावाल्याला ते ठाऊक होतं, पण भाडं खिशात घातल्यावरच त्यानं सांगितलं. शनिवारी पुन्हा गेलो.

सालारजंग हे नाव तू आमच्या आज्याच्या तोंडून ऐकलेलं असशील. म्हाताऱ्याला निजामाचा राग आणि त्याच्या दिवाणाबद्दल, म्हणजे सालारजंगाबद्दल, मात्र आदर. निजामाचा ‘हाली रुपया’ आणि इंग्रजांचा ‘कलदार’ यांचा हिशेब तो मरेपर्यंत डोक्यात करायचा. पहिल्या सालारजंगानं 1865 च्या सुमारास जिलाबंदी केली, आपल्याकडे जिल्हा आणि तालुका ही सरकारी चौकट बसली ती तेव्हापासून. म्युझियमचा धनी तो नव्हे, त्याचा नातू, तिसरा सालारजंग, मीर युसुफ अली खान. हा गडी 1912 मध्ये, वयाच्या तेविशीत दिवाण झाला, दोन-अडीच वर्षांत पद सोडलं आणि पुढं 1949 मध्ये मरेपर्यंत वस्तू विकत घेत राहिला. लग्न केलं नाही. मागे वारस नाही, आणि वाडा तर खच्चून भरलेला. 1951 च्या 16 डिसेंबरला नेहरूंनी त्याच वाड्यात, दिवाण देवडीत, हे म्युझियम उघडलं. 1961 मध्ये संसदेनं कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं, आणि 1968 मध्ये ते आताच्या इमारतीत आलं.

आत शिरलो आणि पहिल्या तासाभरातच डोकं गरगरायला लागलं. चिनी मातीची भांडी, जपानी भरतकाम, फ्रेंच फर्निचर, इराणी गालिचे, हस्तिदंत, हातभर लांब नळीचे हुक्के. टिपू सुलतानाला फ्रान्सच्या सोळाव्या लुईनं पाठवलेल्या म्हणतात त्या हस्तिदंती खुर्च्या आहेत, जहांगीर आणि नूरजहाँ यांच्या कट्यारी आहेत. एका माणसाला हे सगळं आवडलं असेल यावर विश्वास बसेना. मला तर काही दालनांत वाटलं, ह्यानं घेतलं ते आवडलं म्हणून नाही, दिसलं म्हणून. यात्रेत पोरगं दिसेल त्या खेळण्यावर हात ठेवतं, तसं. पण रागही येत नाही त्याचा. त्यातल्या शे-दीडशे वस्तूंसमोरून पाय निघत नाही.

संगमरवराची एक बाई आहे, रिबेका. बेंझोनी नावाच्या इटालियन शिल्पकारानं केलेली. पहिल्या सालारजंगानं 1876 मध्ये रोममध्ये विकत घेतली. तिच्या तोंडावर बुरखा आहे, तोही दगडाचाच, आणि त्याच्या आडून नाक-डोळे दिसतात. आमची ही बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “नदीवर ओलं लुगडं अंगाला बसायचं ना, तस्सं.” यापेक्षा चांगलं वर्णन मला करता येणार नाही. एक लाकडी पुतळा आहे, समोरून छाती काढून उभा राहिलेला सैतान मेफिस्टोफिलिस आणि मागून मान खाली घातलेली पोरगी. दोघं एकाच ओंडक्यात. मागे आरसा ठेवलाय, म्हणजे दोन्ही बाजू एकदम दिसतात. बघताना मला आपले एक गुरुजी आठवले, नाव लिहीत नाही.

आणि ते घड्याळ! कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचं. तास भरत आला की सगळी दालनं ओस पडतात आणि माणसं घड्याळापुढं खुर्च्या धरून बसतात. एक लोहार सेकंदासेकंदाला घण मारतोय, दार उघडतं, एक बाहुला बाहेर येतो, टोले देतो, आत जातो. झालं, एवढंच. पण बारा टोले ऐकायला मिळावेत म्हणून लोक सकाळपासून हिशेब करतात. टोले संपल्यावर एका पोरानं बापाला विचारलं, “तो आत काय करतो मग?” बापाला उत्तर आलं नाही. मलाही आलं नसतं.

मी मात्र अडकलो ते बिदरीच्या भांड्यांपाशी. पानदान, सुरई, हुक्क्याचे तळ. काळेभोर, त्यावर चांदीची बारीक वेलबुट्टी. उदगीरच्या आमच्या मावशीकडं एक पानदान होतं, आठवतं? आपण त्यात गोट्या ठेवल्या म्हणून तिनं आपल्याला बडवलं होतं. ते जस्ताचं असतं, थोडं तांबं घातलेलं. काळा रंग मात्र रंग लावून येत नाही. बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात उकळतात, त्यात भांडं बुडवलं की धातू काळा पडतो आणि चांदी तशीच राहते. कारागीर ती माती जिभेवर ठेवून पारखतात. हे कळलं आणि मी तिथंच उभा राहिलो. माती चाखणारा कारागीर आणि माती चाळणारे आपण दोघं. तेरची पांढर, जुन्या वस्तीची ती पांढऱ्या मातीची टेकाडं, डोळ्यासमोर आली.

म्हणून परत आल्यावर दुसऱ्या रविवारी मी एकटाच तेरला गेलो. गोरोबाकाकांच्या समाधीला हात जोडले आणि तिथून लामतुऱ्यांच्या संग्रहालयात. दिगू, इतकं जवळ राहून मी तीस वर्षांत तिथं पाय ठेवला नव्हता. शाळेच्या सहलीत बघितलं तेच. तेव्हा आपलं लक्ष डब्यातल्या दशम्यांवर.

रामलिंगप्पा लामतुरे म्हणजे काही दिवाण नव्हे. गावातला माणूस. पांढरीवर फिरून, लोकांना नांगरताना, पाया खणताना सापडेल ते गोळा करून त्यांनी हजारो वस्तू जमवल्या. पुढं त्या सरकारकडं आल्या आणि संग्रहालयाला त्यांचंच नाव दिलं. रोमला जायची गरजच पडली नाही. रोमच तेरला येऊन गेलं होतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगरचं कापड गाड्यांत घालून भडोचला येतं. तगर म्हणजे आपलं तेर. रोमन नाण्यांच्या नकला करून भाजलेल्या मातीची पदकं इथं सापडली, गळ्यात घालायची. हस्तिदंताची एक बाई सापडली, वीतभरसुद्धा नाही, आणि तिच्यासारखीच एक इटलीत पॉम्पेईच्या राखेखाली मिळाली. सन 79 मध्ये ज्वालामुखीनं गाडलेल्या गावात! गोरोबांच्या गावची मातीची कामं तर विचारूच नको. केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्या आहेत, साच्याच्या दोन अर्ध्या जोडून केलेल्या. केसांची बट न् बट मोजून घ्यावी. हैदराबादेत मला ‘अबब’ झालं होतं. इथं काही झालं नाही. मी नुसता वाकून वाकून बघत होतो.

मग नाण्यांची पेटी आली.

तुला आठवतंय की नाही मला माहीत नाही, म्हणून लिहितो. वळवाचा पाऊस पडून गेला की आपण पांढरीवर मणी वेचायला जायचो. मोठी माणसं तिथून माळवदावर टाकायला गाड्या भरभरून माती न्यायची. कुणाच्या छपरावर किती सातवाहन जाऊन बसलेत देव जाणे. अकिकाचे लाल मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. एकदा तुला सात-आठ चकत्या सापडल्या होत्या, काळपट, जड. एकीवर सोंड वर केलेला हत्ती होता. तू त्याला ‘हत्तीचा पैसा’ म्हणायचास. तेरणा नदीत मासे धरायला गळाला वजन पाहिजे होतं, आणि शिसं विकत घ्यायला पैसे नव्हते. आमच्या परसात तीन दगडांच्या चुलीवर डब्याच्या झाकणात आपण त्या चकत्या वितळवल्या. हत्ती आधी कडेनं मऊ झाला, मग पाठ बसली, सोंड शेवटपर्यंत राहिली. मी काडीनं ढवळलं. मी, तू नाही. तू म्हणाला होतास, “हत्तीचा राहू दे, रं.” आणि मी ऐकलं नाही.

त्या पेटीत तोच हत्ती आहे. सातवाहनांचं शिशाचं नाणं, दुसऱ्या बाजूला फुलीच्या चार टोकांना चार गोल. कडेनं ब्राह्मी अक्षरं. आपल्या हत्तीभोवतीही अक्षरं होती, आपल्याला ती किडे वाटली होती. कुठल्या राजाचं होतं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. त्या वजनानं आपण दोन मरळ धरले आणि तिसऱ्यांदा गळ कपारीत अडकून तुटला. म्हणजे ते शिसं अजून तेरण्यातच कुठंतरी आहे, गोळा होऊन.

एक विचारायचंय. तुझ्या आईनं त्यातला एक लाल मणी दृष्ट लागू नये म्हणून तुझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात बांधला होता. काळ्या दोऱ्यात, मधोमध पांढरी रेघ असलेला. तो आहे का अजून? ताईला विचार. असेल तर संक्रांतीला येताना घेऊन ये, आणि बरोबर मोकळी सकाळ ठेव. तेरला दोघं जाऊ. दशम्या ही बांधून देईल म्हणतेय.

तुझा,
नाना