डायलिसिस आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेख चांगला आहे, पण डायलिसिसवरच्या रुग्णांचा त्यात उल्लेख नाही, म्हणून हे पत्र. माझे यजमान सहा वर्षांपासून आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस घेतात.

गेल्या वर्षी आमच्या कोपरखैरण्यातल्या सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. यजमानांचं ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघालं. आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची पुडी दुधातून घ्या, असं तिथे लिहून दिलं. डायलिसिस सेंटरच्या डॉक्टरांची अल्फाकॅल्सिडॉल (हेही ‘ड’ जीवनसत्त्वाचंच एक औषधी रूप) आणि कॅल्शियमची गोळी आधीच चालू होती. ते शिबिरात कुणी विचारलं नाही, आणि सांगायला हवं हे आमच्याही लक्षात आलं नाही. अडीच महिन्यांनी रक्तातलं कॅल्शियम ११.४, म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त आलं. डॉक्टरांनी सगळं तातडीने थांबवलं. त्याच सुमारास हाताचा एक्स-रे काढला होता. त्यात हाडांशेजारी रक्तवाहिन्याही पांढऱ्या रेघांसारख्या उमटल्या होत्या. तो एक्स-रे मी अजून विसरू शकत नाही.

हे अडीच महिन्यांत झालेलं नाही, वर्षानुवर्षं साचलेल्या फॉस्फरसचा यात मोठा वाटा आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण त्यात वाढलेल्या कॅल्शियमची भर नको.

त्यांनी समजावलं ते असं. पुडीतलं ‘ड’ आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलतं, तेव्हा ते पुरतं कामाला येतं. मूत्रपिंड थकलं की हा शेवटचा टप्पा अडतो. मग गळ्यातल्या ग्रंथी पीटीएच नावाचं संप्रेरक वाढवून हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतात. म्हणून मूत्रपिंडातल्या टप्प्याची गरज नसलेलं अल्फाकॅल्सिडॉलसारखं औषध लागतं, ते वाईट नाही. मात्र ते आतड्यातून कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही जास्त शोषून घेतं, आणि डायलिसिसने सगळा फॉस्फरस निघत नाही. दोन्ही वाढले की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या पेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, तिथे कॅल्शियम बसतं, नस कडक होते आणि हृदयावरचा ताण वाढतो.

सेंटरमध्ये शेजारच्या खाटेवरचे काका म्हणाले होते, “ताई, ‘ड’ घेतलं की नसा मोकळ्या राहतात.” तसा समज बऱ्याच जणांचा आहे. जपानमध्ये ९७६ डायलिसिस रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पीटीएच फारसं वाढलेलं नसलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे चार वर्षं अल्फाकॅल्सिडॉल दिलं, तरी त्यांचे हृदय-रक्तवाहिन्यांचे आजार कमी झाले नाहीत. म्हणजे गरज पीटीएच, कॅल्शियम आणि फॉस्फरसचे आकडे बघून ठरते, एकट्या ‘ड’च्या रिपोर्टवरून नाही.

आमच्या सेंटरमध्ये अनेक जण ठाणे, ऐरोली, घणसोलीहून एकटेच येतात. रिपोर्ट इंग्रजीत असतो, तो घडी घालून पिशवीत जातो. ठाणे-नवी मुंबईतल्या डायलिसिस सेंटरांना माझी विनंती आहे की प्रत्येकाच्या फाईलच्या पहिल्याच पानावर हे तीन आकडे आणि चालू औषधं तारखेसह मराठीत लिहावीत. शिबिर भरवणाऱ्यांनी आणि मेडिकलवाल्यांनी ही पुडी देण्याआधी एवढंच विचारावं: “किडनीचा त्रास आहे का? डायलिसिस चालू आहे का?” आम्हाला हे कुणी विचारलं असतं, तर यजमानांनी ती पुडी घेतलीच नसती.

आपली,
एक वाचक
कोपरखैरणे, नवी मुंबई