‘अंदाज नको, फोन करू’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यास

प्रिय शेजारच्या मुला,

नाव घालू नका असं तू बजावलंस, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांतच मानणार, कारण काम चारचौघांचं होतं.

2015 च्या सिंहस्थापासून मी रक्तदात्यांची यादी सांभाळते. आधी वहीत, मग व्हॉट्सअ‍ॅपवर रक्तगटाप्रमाणे आठ ग्रुप. पंचवटी, सिडको, सातपूर, नाशिकरोड, सगळे मिळून 612 जण. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. कुणीतरी एका मुलीचा नंबर तिथून उचलला आणि रात्री-अपरात्री फोन सुरू केले. ती ग्रुप सोडून गेली. ओ निगेटिव्ह होती ती. फार लागलं मनाला. टेलिग्रामच्या चॅनेलवर सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून तिकडे जायचं ठरवलं. पण एवढी माणसं हलवायची कशी?

रात्रपाळीहून येऊन तू आमच्या जेवणाच्या टेबलावर पायथन या संगणकाच्या भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहायला बसलास. माझे काही नंबर देवनागरी आकड्यांत होते. पायथनला तेही अंकच वाटतात, म्हणून ‘दहा आकडे आहेत का’ या तपासणीतून ते सुटले आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅप चॅटच्या लिंकमध्ये अडकले. ते तू बदलून घेतलेस, सुरुवातीचे शून्य काढलेस, भारताचा कोड 91 जोडलास.

खरी परीक्षा रक्तगटांची होती. उणे चिन्ह कुठे आखूड, कुठे लांब, कुठे नुसतं ‘निगे.’, कुठे काहीच नाही. 41 नावं कुठल्याच गटात बसेनात. मी म्हणाले, ‘टाक पॉझिटिव्हमध्ये, बहुतेक तेच असतील.’ तू म्हणालास, ‘काकू, अंदाज नको, फोन करू.’ दोन रविवार आपण फोन करत बसलो. त्यातले तिघं निगेटिव्ह निघाले.

आणि तो ‘बॉम्बे’! नावापुढची सिन्नर, निफाड, ओझर ही गावं स्क्रिप्ट गाळत होती, त्यांत हा शब्दही गेला. गाळलेल्या शब्दांची वेगळी फाइल तू ठेवली होतीस, म्हणून माझ्या नजरेस पडला. तो रक्तगट होता, 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेला. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसू शकतो, पण अशा माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. तो गृहस्थ आपण साध्या ओ मध्ये बसवला असता, या विचाराने अजून पोटात गोळा येतो. आता त्याची नोंद वेगळी आहे.

कुणालाही न विचारता ओढायचं नाही, हाही तुझाच आग्रह. म्हणून स्क्रिप्टने प्रत्येकासाठी अशी लिंक केली की दाबली की त्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप चॅट उघडे, चॅनेलच्या आमंत्रणाचा मजकूर तयार असे. पाठवायचं बटण मात्र मीच दाबायचं. नऊ दिवस लागले. कितीतरी जणांनी उलट ख्यालीखुशाली विचारली, कित्येक वर्षांनी बोलणं झालं. दोन रक्तदानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचं अंतर लागतं, त्या हिशेबाने कुणाला आत्ता बोलवायचं नाही हेही आता यादीच सांगते.

परवा त्या मुलीला लिंक पाठवली. नंबर कुणाला दिसणार नाही, हे नीट समजावून लिहिलं. काल सकाळी ती ओ निगेटिव्हच्या चॅनेलवर आली. हे सगळ्यांआधी तुला कळावं असं वाटलं.

तुझी,
शेजारची काकू
गंगापूर रोड, नाशिक