मे महिन्यात ओटीचं अर्थिंग मोजा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. गेल्या मे महिन्यात सिझेरियनची तयारी करताना टेबलाच्या लोखंडी दांड्याला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. वायरमन आला, मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण सरकवलं, दोन बादल्या पाणी ओतलं. मशीनमधून गळणारी वीज जमिनीत नेणारी पट्टी याच खड्ड्यात पुरलेली असते. मुंग्या थांबल्या. पट्टी मी वाकून पाहिली, गंजून पापुद्रे सुटले होते.

साहेब, आमच्याकडे खाली जांभा दगड. पावसाचं पाणी धरून ठेवत नाही, मेपर्यंत खड्डा कोरडा ठणठणीत होतो, आणि कोरडी जमीन वीज नीट वाहून नेत नाही. वर खारा वारा लोखंड खातो. अर्थिंग मेलं की मशीनमधून गळणाऱ्या करंटला वाट उरते ती माणसाच्या अंगातून. आपल्याला झटका बसला तर आपण हात मागे घेतो. भूल दिलेली बाई काय करणार?

आगीचं आमच्या हातातलं आम्ही सांभाळतो. स्पिरिट लावल्यावर किमान 3 मिनिटं सुकू देतो, पाठीखाली ओघळलेलं टिपतो, मगच कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवायचं साधन. कारण चादरीखाली ऑक्सिजन साठलेला असतो, ठिणगी पुरते, आणि स्पिरिटची निळसर ज्योत ओटीच्या दिव्याखाली दिसतही नाही. पण जमिनीखालची पट्टी आम्ही कशी सांभाळणार?

9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीत 10 तान्ही बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या आयसीयूत 11 रुग्ण. त्यानंतर ऑडिटवाले आले. आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख बघितली, फोटो काढले. अर्थिंगला मीटर लावलेला मी अजून पाहिलेला नाही. अग्निसुरक्षेचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. पण जुलैत आमचा खड्डा पाण्याने भरलेला असतो, तेव्हा आकडा चांगलाच येणार.

म्हणून कोकणातल्या प्रत्येक ओटीचं अर्थिंग मे महिन्यात मीटरने मोजायचा आदेश काढा. आलेला आकडा तारखेसकट ओटीच्या दारावर लिहू द्या. तो वाईट असेल तर तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबवायचा अधिकार सिस्टरलाही द्या. आणि मोजायच्या आदल्या दिवशी खड्ड्यात कुणी पाणी ओतायचं नाही, हेही त्या आदेशात स्पष्ट लिहा.

आपली,
कोकणातली एक ओटी सिस्टर