गोदामात नोकरी, पण मालक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भिवंडी पट्ट्यातल्या गोदामांमुळे हजारो हातांना काम मिळणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. मी मूळचा पाटण तालुक्यातला. आधी मशीद बंदरला आणि बाजार हलल्यावर वाशीला, मिळून चौतीस वर्षं पोती उचलली. त्यामुळे या विषयावर चार ओळी लिहिण्याचं धाडस करतोय.

भिवंडीला गोदामं वाढली ती मुंबईच्या जकातीपायी. ग्रामपंचायतीच्या हद्दीत माल उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा टेम्पोने शहरात न्यायचा, हा व्यापाऱ्यांचा साधा हिशोब. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली. आता ही गोदामं ओस पडणार, असं आमच्यातले कितीतरी म्हणत होते. झालं उलटंच. करासाठी राज्याराज्यांत वेगळा माल ठेवायची गरज उरली नाही, म्हणून कंपन्या चार लहान गाळे सोडून एकच अवाढव्य शेड घेऊ लागल्या. मानकोली, काल्हेर, पूर्णा, वळ, जिथे आम्ही भाताची खाचरं पाहिली तिथे आता नजर जाईल तिथवर पत्रे. त्यात 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये थेट भिवंडी तालुक्यातल्या आमण्यापर्यंत आला. काम वाढणार, याबद्दल माझा वाद नाही.

माझा पुतण्या पडघ्याच्या बाजूला अशाच एका शेडमध्ये आहे. बारावी झालाय. सकाळी सहाला नाक्यावर बस येते, गेटवर मोबाइल जमा करायचा, हातात स्कॅनर घ्यायचा. रॅकमधून वस्तू काढली की बीप वाजतो. तासाला किती बीप झाले ते सुपरवायझरला बसल्या जागी दिसतं. पाणी प्यायला गेलेलंही दिसतं. आम्ही पाठीवर शंभर किलोचं पोतं घेत होतो, पण आमच्या हमालांच्या टोळीने ठरवलं की बसून बिडी ओढत होतो, तेव्हा कुणी मोजत नव्हतं.

त्याला एकदा सहज विचारलं, तुझा मालक कोण रे? त्याला पटकन सांगता येईना. शेड एकाची, माल दुसऱ्याचा, टी-शर्टवर नाव तिसऱ्याचं आणि पगार देणारा ठेकेदार चौथाच. तीन वर्षांत तीन ठेकेदार झाले. दसरा-दिवाळीच्या सेलला पोरं भराभर घेतात, भाऊबीज उरकली की व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, ‘उद्यापासून येऊ नका’.

आमच्याही काळात व्यापारी बदलायचे, पेढ्या बुडायच्या. पण माथाडींचे, म्हणजे आम्हा ओझी वाहणाऱ्यांचे, नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 साली माथाडी कायदा झाला होता. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरावीक टक्के जादा रक्कम, सरकारने नेमलेल्या माथाडी मंडळात भरायचा. पगार, बोनस, फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना सगळं मंडळाकडून. पेढी गेली तरी टोळी राहायची. माझा टोळी नंबर आजही झोपेतून उठवलं तरी सांगेन. पुतण्याच्या आधीच्या दोन ठेकेदारांनी फंड भरला की नाही, हे शोधायला आम्ही दोघं सायबर कॅफेत अर्धा दिवस बसलो. एकाचा सापडला.

माथाडीच्या नावावर काही ठिकाणी काम न करता नुसती वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, वसूल झाली, हेही खरं आहे. त्या लोकांनी आमचंच नाव घालवलं. पण ढेकूण झाले म्हणून कुणी घर जाळत नाही. चढ-उतार, थप्पी, वजन ही कामं जशी मंडळाखाली आली, तशी स्कॅनरवाली पोरंही यायला काय हरकत आहे? ओझं लहान झालं, पण माल अजून माणूसच उचलतो.

तोवर एक करता येईल. उद्योग खातं किंवा पालकमंत्री रोजगाराचा आकडा सांगतील, तेव्हा आपल्या वार्ताहराने तिथेच विचारावं, यातल्या किती जणांचा फंड सलग बारा महिने भरला गेला? आणि भरणाऱ्याचं नाव काय?

पुतण्याचं सध्याचं काम या महिन्याच्या अखेरपर्यंत आहे. पुढचं ठेकेदार कळवणार आहे.

कळावे,
एक निवृत्त माथाडी कामगार,
कोपरखैरणे, नवी मुंबई